व्हिसा २०३३ पर्यंतचा, मग परतीचं तिकीट कधीचं?

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की मुलांकडे परदेशी जास्त दिवस राहायला जाणार असाल आणि काही शंका असतील तर पाठवा, आणि नुसता पाऊस पडला शंकांचा. घोडबंदर रोड, ऐरोली, खारघर, वाशी, कळवा, सगळीकडून. मी २२ वर्षं नौपाड्यात एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकीट काउंटरला बसले त्यामुळे या शंका माझ्या जुन्या ओळखीच्याच आहेत, देश बदलतो, घोळ तोच असतो. व्हिसावर छापलेली शेवटची तारीख म्हणजे तोपर्यंत राहता येतं असं लोक धरून चालतात आणि त्या हिशोबाने तिकीट काढतात, किंवा काढतच नाहीत. सगळी पत्रं घेता येणार नाहीत, जी घेतलीत त्यात बाकीच्यांची उत्तरं येतील असं बघितलंय. आणि हो, हे नियम बदलत असतात, पैसे भरायच्या आदल्या दिवशी त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर एकदा बघाच, माझा अंक तुमच्या टेबलावर चार महिने पडून असतो मला माहितीय.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, मी ६४ वर्षांचा, मिसेस ६१. मुलगी न्यू जर्सीला आहे, सप्टेंबरमध्ये तिचं बाळंतपण. आमचा अमेरिकेचा व्हिसा २०३३ पर्यंत आहे, मल्टिपल एंट्री. १० ऑगस्टला जाऊन एप्रिलपर्यंत राहायचा विचार आहे. ओळखीचा एजंट म्हणतो वन वे काढा, परतीचं तिकडून बघू. सोसायटीतले एक जण म्हणतात रिटर्न नसेल तर विमानातच घेत नाहीत. नक्की काय?

उत्तर : काका, आजोबा होताय, आधी त्याचं अभिनंदन. आता हिशोब. २०३३ ही तारीख आहे ती फक्त अमेरिकेच्या दारात जाऊन उभं राहायची शेवटची तारीख. दाराच्या आत किती दिवस राहायचं ते तिथे उतरल्यावर इमिग्रेशनचा ऑफिसर ठरवतो, बी-२ व्हिसावर, म्हणजे तुमच्या टूरिस्ट व्हिसावर, साधारणपणे सहा महिने देतात. त्या नोंदीला आय-९४ म्हणतात. पूर्वी पासपोर्टात पांढरं कार्ड टोचून द्यायचे, विमानाने येणाऱ्यांसाठी २०१३ पासून ते ऑनलाइन झालं, आणि तिथेच खरी गंमत झाली, कार्ड दिसत नाही म्हणून लोक बघतच नाहीत. मुलीच्या घरी पोचलात की दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता जावयाला सांगा, कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनच्या साइटवर पासपोर्ट नंबर टाकून तुमचा दोघांचा आय-९४ काढायचा, प्रिंट घ्यायची आणि फ्रिजवर लावायची. दोघांचा वेगवेगळा बघायचा हं, नवऱ्याचा बघितला की बायकोचा तोच असणार असं धरायचं नाही. नाव, जन्मतारीख किंवा मुदत चुकली असेल तर ती दुरुस्त करून घ्यायची सोय असते, पण ती लगेच, पाच महिन्यांनी नाही.

म्हणजे १० ऑगस्टला गेलात तर फेब्रुवारीच्या ९ तारखेच्या आसपास तुमची मुदत संपणार. एप्रिल यात बसत नाही.

आता तिकीट. सोसायटीतल्या गृहस्थांचं पूर्ण बरोबर नाही. बी-२ व्हिसावाल्याकडे परतीचं तिकीट असलंच पाहिजे असा नियम अमेरिकेने केलेला नाही, तो नियम आहे तो व्हिसा न घेता जाऊ शकणाऱ्या देशांच्या लोकांसाठी, आणि त्या यादीत आपण नाही. पण म्हणून तुमच्या एजंटचं बरोबर असंही मी म्हणणार नाही. टूरिस्ट व्हिसाचा सगळा पायाच हा की तुम्ही परत जाणार आहात, हे ऑफिसरला पटलं पाहिजे. तो विचारणार किती दिवस राहणार, तुम्ही म्हणणार पाच-साडेपाच महिने, तो म्हणणार तिकीट दाखवा, आणि तुमच्याकडे वन वे. मग पुढचे प्रश्न सुरू, घर कुणाचं, पैसे कुठून, परत का जाल. रात्रभर बसून आलेल्या, कानात दडे बसलेल्या माणसाला ती उलटतपासणी कशाला हवी? शिवाय मोठ्या विमान कंपन्यांची जाऊन-येऊन तिकिटं बऱ्याचदा दोन वन वे पेक्षा स्वस्तच पडतात, मग वाचवलं काय?

मी तुमच्या जागी असते तर रिटर्न काढलं असतं, परतीची तारीख जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली. अगदी ८ फेब्रुवारी नाही. त्या दिवसांत न्यू जर्सीला बर्फाचं वादळ आलं की दोन-दोन दिवस फ्लाइट रद्द होतात आणि तुमचे दिवस संपत आलेले असतात, तो जीवाला घोर नको. आणि तिकीट घेताना एकच प्रश्न विचारायचा, "तारीख बदलायला काय पडेल?" याचं उत्तर दोन तुकड्यांत असतं. एक बदलाची फी, आणि दुसरा त्या दिवशीच्या भाड्यातला फरक. एजंट फी सांगतात, फरकाचं सांगायला विसरतात. "चेंज फ्री आहे काका" असं ऐकून गेलेले लोक मला तिकडून फोन करायचे की ताई एवढे पैसे कसले मागतायत, तर तो फरक असायचा. तारीख बदलायची ती विमान सुटायच्या आधी, न कळवता गेलाच नाहीत तर नो-शो होतं आणि स्वस्त तिकिटात मग काहीच हाती लागत नाही. तसंच जातानाचं तिकीट वापरलं नाही, दुसऱ्याच विमानाने गेलात, तर परतीचं आपोआप रद्द होतं, हे शिकलेल्या-सवरलेल्या लोकांनाही माहीत नसतं. आणि तिकिटाचं आयुष्य जास्तीत जास्त वर्षभराचं असतं.

आणखी थांबायचंच असेल, समजा मुलीची तब्येत बरी नाही, तर आय-९४ ची तारीख उलटायच्या आधी आय-५३९ नावाचा फॉर्म भरून मुदतवाढ मागता येते, कारण लिहायचं, पैसे कोण देणार ते दाखवायचं. वेळेत भरला तर निकाल येईपर्यंत थांबता येतं. पण ही सोय अडचणीसाठीची आहे. इथून निघतानाच मनात आठ महिने धरून, ऑफिसरला पाच सांगून जायचं आणि तिकडे गेल्यावर फॉर्म भरायचा हे मी कुणाला सुचवणार नाही. मुदत उलटून एक दिवस जरी राहिलात तरी तो २०३३ चा व्हिसा बाद होतो. मुदत संपल्यावर आणखी १८० दिवसांपेक्षा जास्त राहून निघालात तर ३ वर्षं प्रवेश बंद, वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात तर १० वर्षं. नातू चौथीत जाईल तोवर.

अबू धाबीवरून जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, अबू धाबीत. सगळे प्रश्न तिथे, आणि तिकडे उतरल्यावर तुम्ही डोमेस्टिकसारखे सरळ बाहेर. तेव्हा तिकिटाची प्रिंट, मुलीचा पत्ता, फोन हे हातातल्या बॅगेत ठेवा, डिंकाच्या लाडवांखाली चेक-इनच्या बॅगेत नको. आणि विचारलं का आलात तर खरं ते सांगा, मुलीचं बाळंतपण आहे, नातवंडाला बघायला आलोय. घाबरून गोल गोल उत्तरं दिली की संशय येतो.

प्रश्न : आम्ही कोपरखैरण्याचे, मुलगा म्युनिकला असतो. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा, एक वर्षाचा मल्टिपल व्हिसा मिळालाय, त्यावर ९० दिवस लिहिलंय. १ मार्चला गेलो, २९ एप्रिलला एका लग्नासाठी परत आलो. आता १ जुलैला परत जाऊन सप्टेंबर अखेरपर्यंत राहायचंय. परत आल्यावर ९० दिवस नव्याने सुरू होतात ना?

उत्तर : नाही हो होत! या एका गैरसमजापायी मी काय काय बघितलंय. शेंगेनचा नियम आहे कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. "कोणत्याही" हा त्यातला महत्त्वाचा शब्द. तुम्ही तिकडे असताना रोज सकाळी उठायचं, आजचा दिवस धरून मागे १८० दिवस मोजायचे, आणि त्यात आपण किती दिवस शेंगेनमध्ये होतो ते बघायचं. ९० च्या वर गेलं की चुकलं. उतरलात तो दिवस धरायचा, निघालात तोही धरायचा, रात्री साडेअकराला उतरलात तरी तो दिवस गेला.

तुमचं बघू. मार्चचे ३१ आणि एप्रिलचे २९, झाले ६०. १ जुलैला गेलात तर मागच्या १८० दिवसांत हे सगळेच्या सगळे ६० येतात, उरले ३०. म्हणजे ३० जुलैला तुम्ही बाहेर पडलं पाहिजे. सप्टेंबरचं तिकीट काढलंत तर ते चुकीच्या तारखेचं तिकीट आहे आणि व्हिसा तर अजून चालू असणार, म्हणून काउंटरवर तुमच्या लक्षातही येणार नाही.

पण आता गंमत बघा, माझं आवडतं गणित आहे हे. तुमचा जुना १ मार्चचा दिवस १८० च्या खिडकीतून बाहेर पडतो २८ ऑगस्टला. त्यानंतर रोज एक जुना दिवस बाहेर, एक नवा आत, बेरीज तीच. मग तुम्ही १ जुलैऐवजी २९ जुलैला गेलात तर? २७ ऑगस्टपर्यंत तुमचे नवे ३० झाले, जुने ६०, एकूण ९०, काठोकाठ. २८ पासून जुने गळायला लागले, त्यामुळे तुम्ही थांबू शकता, थेट २६ ऑक्टोबरपर्यंत. २९ जुलै ते २६ ऑक्टोबर मोजून बघा, पूर्ण ९० दिवस. चार आठवडे उशिरा निघालात तर ३० च्या जागी ९०! फक्त व्हिसाची मुदत तोपर्यंत आहे ना ते बघा आणि मी २३-२४ ऑक्टोबरचं तिकीट काढीन, काठावर कशाला. गणपती तिकडे होतील, पण दिवाळीला घरी याल. युरोपियन युनियनच्या साइटवर दिवस मोजायचं कॅल्क्युलेटर आहे, माझ्यावर विश्वास नसेल तर मुलाला त्यात तारखा टाकायला सांगा, टाकाच.

पूर्वी पासपोर्टातले शिक्के मोजायचे, एखादा पुसट असला तर सुटून जायचं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून त्यांनी टप्प्याटप्प्याने नवी पद्धत सुरू केली, बोटांचे ठसे, फोटो, येण्या-जाण्याची नोंद कॉम्प्युटरवर. आता दिवस मशीनच मोजतं आणि मशीनला पुसट दिसत नाही. इन्शुरन्स किमान ३० हजार युरोचा लागतो हे तुम्हाला पहिल्या वेळीच कळलं असेल, पण तो ६० दिवसांचा घेतला असाल तर या वेळचा नवा घ्यायला विसरू नका. दोन व्हिसे तीन वर्षांत नीट वापरलेल्या भारतीयांना आता दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचाही व्हिसा मिळू शकतो, २०२४ मध्ये आलेला नियम आहे. तो पाच वर्षांचा झाला तरी ९० आणि १८० चं गणित तसंच राहतं.

प्रश्न : ताई, मला जुलैत अमेरिकेला भावाकडे जायचंय, यूएस व्हिसा आहे. ॲपवर मुंबई-पॅरिस एका कंपनीचं आणि पॅरिस-न्यूयॉर्क दुसऱ्या कंपनीचं अशी दोन तिकिटं खूप स्वस्तात मिळतायत. घेऊ का? — ठाणे पूर्व, कोपरी

उत्तर : नको गं. दोन वेगळी तिकिटं म्हणजे पॅरिसला बॅगा घ्यायला बाहेर यायचं, बाहेर यायचं म्हणजे फ्रान्समध्ये शिरायचं, आणि त्याला शेंगेन व्हिसा लागतो. मुंबईतच काउंटरवर अडवतील. एकाच तिकिटावरसुद्धा मुंबई-म्युनिक-फ्रँकफर्ट-न्यूयॉर्क असा रूट असेल तर घेऊ नकोस, म्युनिक ते फ्रँकफर्ट म्हणजे शेंगेनच्या आतला प्रवास झाला, तिथेही तोच प्रॉब्लेम. एकच तिकीट, एकच थांबा, बॅगा थेट शेवटपर्यंत.

प्रश्न : व्हिसाच्या अर्जाला रिटर्न तिकीट जोडायला सांगितलंय. पण व्हिसा मिळाला नाही तर तिकिटाचे पैसे गेले. ऑनलाइन काहीशे रुपयात डमी तिकीट मिळतं, मित्राने तेच लावलं होतं. चालतं का? — कळवा

उत्तर : डमी या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक असतं खरं रिझर्व्हेशन, म्हणजे एजंटने विमान कंपनीच्या सिस्टिममध्ये सीट अडवून ठेवलेली, तिला खरा पीएनआर असतो, कंपनीच्या साइटवर टाकला तर तुमचं नाव दिसतं, पैसे भरले नाहीत की काही तासांनी किंवा दिवसांनी ते गळून पडतं. दुसरं म्हणजे फोटोशॉप केलेली पीडीएफ, जिचा पीएनआर कुठेच नाही. पहिलं चालतं, अर्जात बऱ्याच ठिकाणी रिझर्व्हेशनच मागतात, आणि व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट विकत घेऊ नका असं इंग्लंडसारखे देश स्वतःच सांगतात. अमेरिकेच्या अर्जाला तर तिकीट जोडावंच लागत नाही. दुसरं मात्र खोटा कागद देणं आहे, पकडलं तर हा व्हिसा जातोच पण पुढच्या प्रत्येक फॉर्मवर "पूर्वी नकार मिळालाय का" या चौकटीत हो लिहीत बसावं लागतं. मित्राचं निभावलं म्हणजे ते चालतं असं होत नाही.

आणि व्हिसा आल्यावर लोक करतात काय, तीच डमी घेऊन विमानतळावर जातात, वन वे खरं आणि रिटर्न खोटं. काउंटरवरची मुलगी नंबर टाकते, काही येत नाही, मागे पन्नास माणसांची लाइन. लोकांना वाटतं ती उगाच खुसपट काढतेय. तिच्यासमोर टिमॅटिक म्हणून एक सिस्टिम असते, कोणत्या देशाच्या पासपोर्टवाल्याला कुठे जायला काय लागतं ते त्यात असतं, आणि ते नसताना माणूस नेला तर विमान कंपनीला दंड बसू शकतो, वर त्याला परत आणायचं कामही कंपनीच्याच गळ्यात. मग ती सोडेल कशाला? आमच्या एका कस्टमरला असंच सहारला काउंटरवर उभ्या उभ्या मोबाइलवरून परतीचं तिकीट काढावं लागलं, त्या घटकेला जे भाडं दिसलं ते, आणि डमीत वाचवलेल्या पैशांचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

प्रश्न : मी ऐरोलीला राहते, वय ३८, शिक्षण आठवी. बहीण शारजाला आहे, तिच्याकडे दोन महिने जायचंय. पासपोर्टवर इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड असं काहीतरी छापलंय. मला जाऊ देतील का? भाऊजी म्हणतात तिकीट एकाच बाजूचं काढ, पुढचं बघू.

उत्तर : जाऊ देतील ताई, पण तुमच्या बाबतीत परतीचं तिकीट हे ऐच्छिक नाहीच. तो शब्द एमिग्रेशन चेक, म्हणजे देशाबाहेर जातानाची तपासणी. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर असा शेरा असतो, आणि १८ देशांत नोकरीला जाताना अशा लोकांना सरकारची मंजुरी घ्यावी लागते, कारण तिकडे नेऊन फसवण्याचे प्रकार खूप झालेत. यूएई, सौदी, ओमान, कतार, कुवेत, बहरीन हे आहेतच पण मलेशिया, थायलंड, इंडोनेशियासुद्धा त्या यादीत आहेत, बँकॉकच्या ग्रुप टूरला निघालेल्या लोकांना हे विमानतळावर कळतं. तुम्ही नोकरीला नाही, भेटायला जाताय, तर मंजुरी लागत नाही, तीन गोष्टी मात्र आपल्या इमिग्रेशनला दाखवाव्या लागतात, पासपोर्ट, व्हिसा आणि परतीचं तिकीट. म्हणजे भाऊजींचं ऐकलंत तर दुबईवाल्यांनी विचारायच्या आधी मुंबईतच गाडी अडेल.

दोन महिने राहायचंय तर व्हिसा ६० दिवसांचा घ्या, ३० चा घेऊन वाढवू असं नको, आणि तिकीट ५५-५६ व्या दिवसाचं. मुदत उलटली की रोजचे ५० दिरहम दंड. बहिणीचा पत्ता, तिच्या रेसिडेन्सीची झेरॉक्स जवळ ठेवा. आणि न विचारता एक सांगते, तिकडे गेल्यावर कुणी म्हणालं की राहा, व्हिसा बदलून काम लावून देतो, तर नाही म्हणा. काम करायचंच असेल तर परत येऊन सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून रीतसर जा, तिथे मालकाची नोंद असते, भांडायला काहीतरी हातात राहतं.

प्रश्न : खारघरहून लिहितोय. मुलगा टोरांटोला आहे, आम्हा दोघांना सुपर व्हिसा काढतोय. पाच वर्षं राहता येतं म्हणे, मग परतीचं तिकीट कसलं काढायचं? तिकिटं तर वर्षाचीच मिळतात. आणि माझी पेन्शन आहे, नोव्हेंबरला हयातीचा दाखला लागतो त्याचं काय?

उत्तर : काका, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. सुपर व्हिसा म्हणजे मुलांकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांसाठीचा कॅनडाचा व्हिसा, त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, जुलै २०२२ च्या आधी दोनच वर्षं होती. साध्या व्हिजिटरला सहा महिने. त्यासाठी मुलाचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर लागतं, तुमची मेडिकल होते, आणि किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान एक वर्षाचा आरोग्य विमा लागतो. खरा खर्च तिकिटाचा नाहीच, तो या विम्याचा आहे, साठीच्या पुढे आणि त्यात शुगर-बीपी असेल तर हप्ता चांगलाच चढतो, दोन-तीन ठिकाणी विचारा. आधीपासूनचा आजार त्यात धरलाय का ते वाचल्याशिवाय सही करायची नाही.

तिकीट म्हणाल तर विमान कंपन्यांची बुकिंग साधारण ११ महिने पुढपर्यंतच उघडी असतात, पाच वर्षांनंतरचं कुणी मागत नाही. पहिल्या खेपेला मी रिटर्नच काढायला सांगते, आठ-दहा महिन्यांनंतरचं. कारण नियमाचं नाही, तुमचंच आहे. पहिला हिवाळा काढल्यावर निम्मे आजी-आजोबा म्हणतात की झालं, आता घरी सोडा. दरवाज्याबाहेर पाऊल टाकता येत नाही, मुलगा-सून ऑफिसला, नातू शाळेत, आणि खारघरच्या सेंट्रल पार्कातला सकाळचा ग्रुप आठवतो. हातात तिकीट असलं की मुलाला वाईट न वाटू देता परत येता येतं. राहावंसं वाटलं तर तारीख पुढे ढकला.

हयातीच्या दाखल्याची काळजी नको. टोरांटोला आपलं वाणिज्य दूतावास आहे, तिथे पासपोर्ट आणि पेन्शनचे कागद नेऊन दाखला करून मिळतो, तो बँकेला पाठवायचा. निघायच्या आधी बँकेत जाऊन विचारून ठेवा की तिकडचा दाखला कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या नमुन्यात हवा. आणि ओटीपीचा भारतातला नंबर रोमिंगवर चालू ठेवा काका, ते कार्ड बंद पडलं की बँकच बंद पडल्यासारखं होतं.

प्रश्न : लंडनला मुलीकडे सहा महिने राहून, महिनाभर ठाण्याला येऊन परत सहा महिने, असं चालतं का? व्हिसा दहा वर्षांचा आहे. — पाचपाखाडी

उत्तर : प्रत्येक भेट सहा महिन्यांपर्यंत, हे बरोबर. पण भेटी जोडून जोडून तिथेच राहायला लागलात असं ऑफिसरला दिसलं तर तो परत पाठवू शकतो, व्हिसा दहा वर्षांचा असो की वीस. जेवढे दिवस तिकडे तेवढे तरी इकडे, हा माझा घरगुती हिशोब.

प्रश्न : आम्ही वाशीचे. मेलबर्नला लेकाकडे जातोय, ईमेलवर व्हिसा आला, पासपोर्टवर काहीच चिकटवलं नाही. एजंट म्हणाला बारा महिने मिळालेत. पत्रात खूप आकडे लिहिलेत, ८५०३, ८५५८ वगैरे, ते वाचायची गरज आहे का?

उत्तर : काकू, त्या आकड्यांतच सगळं आहे! ऑस्ट्रेलिया व्हिसा चिकटवत नाही, सगळं ऑनलाइन असतं, आणि अटी आकड्यांत लिहितात. ८५०३ म्हणजे तिथे गेल्यावर पुढे थांबण्यासाठी दुसरा व्हिसा मागता येणार नाही, परत यायचंच. म्हणजे तिकडे जाऊन मुदत वाढवू हा विचार डोक्यातून काढा आणि परतीचं तिकीट मुदतीच्या आत दोन-तीन आठवडे राखून काढा. ८५५८ म्हणजे कोणत्याही १८ महिन्यांत जास्तीत जास्त १२ महिने, तेव्हा बारा राहून आलात की दुसऱ्याच महिन्यात परत निघता येत नाही. ८१०१ दिसला तर काम करायचं नाही. आणखी जास्त राहायचं असेल तर मुलाने तुम्हाला स्पॉन्सर करून ८७० नंबरचा आईवडिलांचा तात्पुरता व्हिसा असतो, तीन किंवा पाच वर्षांचा, महाग आहे पण आहे.

आणि सामानाचं, कारण दर वेळी कुणीतरी अडकतं. विमानात कार्ड देतात त्यावर खाण्याचं आणलंय का याला "हो" लिहायचं. मेतकूट, भाजणी, लोणचं, सगळ्याला हो. पेढे-बर्फी दुधाची म्हणून काढून घेतील बहुतेक, ती नेऊच नका. हो लिहून काढून घेतलं तर फक्त पेढे जातात, नाही लिहून सापडलं तर दंड बसतो, आणि व्हिसासुद्धा रद्द करू शकतात.

पुढच्या अंकात फॉरेक्स कार्ड की रोख, त्याची पत्रं घेते. ऐरोलीच्या ताई, पासपोर्टच्या त्या पानाचा फोटो पाठवू नका कुणाला, मलाही नको.